वाघाला झोपू द्या

प्राणीसंग्रहालयात जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा घरी ‘झू-झू’ खेळत होता. वय साडेचार. जेवणाच्या टेबलाखाली त्याने धाकट्या बहिणीला बसवलं होतं आणि पुढे दोन खुर्च्या आडव्या लावल्या होत्या. हा पिंजरा. मला वाटलं, आता हा वाघ होणार आणि डरकाळी फोडणार. मी व्हिडिओ काढायला मोबाईल बाहेर काढला. पण तो वाघ झाला नाही. वाघ धाकटी होती. हा पिंजऱ्याबाहेर उभा राहिला, हातातला स्टीलचा डाव खुर्चीच्या पायावर ठणाठणा आपटला आणि ओरडला, “ए! ऊठ! ऊठ ना! झोपतोय काय नुसता!” मग दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा प्रयत्न केला. नुसती थुंकी उडाली. धाकटी दोन वर्षांची. तिने भोकाड पसरलं.

सगळे हसले. मीही हसलो. पण तो व्हिडिओ मी फॅमिली ग्रुपवर टाकला नाही, कारण ती शिट्टी माझी होती.

आदल्या दिवशी वाघासमोर, भाच्याला खांद्यावर घेऊन, मीच ती मारली होती. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर चार वर्षांत शिकलेली ही एकमेव गोष्ट मला अजून व्यवस्थित येते. शिट्टी वाजली, वाघाचा कान हलला, साठ-सत्तर माणसांच्या गर्दीने “ओऽऽ” केलं आणि भाच्याने वाकून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्ल्ड कपच्या फायनलला सिक्स मारलाय. खरं सांगतो, मला भारी वाटलं. पुढचे दोन तास मी त्याच तोऱ्यात होतो.

ते कुठलं प्राणीसंग्रहालय ते सांगत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाही. आमच्याबद्दल आहे. आणि तुम्ही गेल्या दोन वर्षांत घरातलं लहान मूल घेऊन अशा ठिकाणी गेला असाल, तर तुमच्याबद्दलही आहे.

दिवस कसा गेला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कशावरून आहे ते कळेल. मे महिन्यातला रविवार. आई, बाबा, ताई, दाजी, दोन पोरं आणि मी, अशी सात माणसं एका एर्टिगात. नऊला निघायचं ठरलं होतं, निघालो अकराला, कारण धाकटीने निघता निघता फ्रॉक खराब केला. पार्किंगमध्ये अर्धा तास. आईने पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि दहीभात आणला होता, पण आत खाद्यपदार्थ न्यायला बंदी. मग गेटबाहेरच्या झाडाखाली वर्तमानपत्र पसरून आम्ही तिथेच जेवलो. दुपारी सव्वा वाजता, डोक्यावर ऊन घेऊन आत शिरलो. बॅटरीवरच्या गाडीसाठी पाऊण तास रांग. त्या पाऊण तासात धाकटी झोपली, आणि वाघापासून मगरीपर्यंतचं सगळं प्राणीसंग्रहालय तिने दाजींच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपेत पार केलं. जागी झाली ती बाहेर पडण्याच्या वाटेवर, पाण्याच्या नळापाशी. तिथे एक खार होती. पुढची दहा मिनिटं धाकटीला तिथून हलवणं कुणालाही जमलं नाही.

हेच माझं पहिलं म्हणणं आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला प्राणीसंग्रहालय दाखवणं ही मोठ्यांनी स्वतःची केलेली फसवणूक आहे. त्या वयात पन्नास फुटांवर, खंदकापलीकडच्या सावलीत पडलेला पट्ट्यापट्ट्यांचा ढीग आणि गुंडाळून ठेवलेली सतरंजी यांत फारसा फरक नसतो. मुलाला हवं असतं ते हाताच्या अंतरावर हलणारं काहीतरी. मुंगी, खार, कावळा, चिंचेवरून पडणारं पान. हे सगळं तुमच्या बिल्डिंगच्या आवारात मिळतं. तिकडे “तो बघ वाघ, तो बघ, अरे तिकडे नाही इकडे” असं आपण बोट दाखवत राहतो, आणि पोरगं आपल्या बोटाकडे बघत राहतं.

मोठ्यांचंही तसंच. बाबांना विचारलं, लहानपणी पेशवे पार्कात काय बघितलं? ते दर सुट्टीत पुण्याला मामाकडे यायचे आणि मामा त्यांना तिथे न्यायचा. बाबांनी खूप आठवून पाहिलं. प्राणी एकही नीट आठवेना. आठवली ती फुलराणी, १९५६ पासून तिथे धावणारी ती छोटी आगगाडी, आणि गाडीत बसण्याआधी मामाने घेऊन दिलेली पेप्सीकोला. म्हणजे पेशवे पार्कातल्या त्या प्राण्यांनी इतकी वर्षं जे भोगलं, त्यातून माझ्या बाबांच्या पदरात पडली ती आगगाडी. ती प्राण्यांशिवायही धावली असती.

यावर लगेच ऐकू येतं ते “शैक्षणिक”. प्राणीसंग्रहालयाची सहल शैक्षणिक असते. शाळेच्या परिपत्रकात, पालकांच्या ग्रुपवर, सगळीकडे हाच शब्द. ठीक आहे, मग बघू आपण काय शिकवतो.

त्या दिवशी माझ्या शेजारी उभा असलेला एक बाप मुलीला सांगत होता, की पांढरा वाघ बर्फात राहतो, म्हणून तो पांढरा असतो. आत्मविश्वासाने सांगत होता. मी गप्प होतो, कारण मलाही अर्धवट तसंच वाटत होतं. घरी येऊन वाचलं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही आणि बर्फाशी त्याचा काहीही संबंध नाही. तो आपला साधा बंगाल वाघ, एका अप्रभावी जनुकामुळे पांढरा झालेला. १९५१ मध्ये रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला आणि त्याचं नाव मोहन ठेवलं. मोहनचं साध्या वाघिणीशी मीलन करवलं, पिल्लं पिवळी झाली. मग त्याचं मीलन त्याच्याच मुलीशी, राधाशी करवलं, आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं जन्मली. जगभरच्या प्राणीसंग्रहालयांत आज जे पांढरे वाघ आहेत, त्यातले बहुतेक या घराण्यातले. बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या लावत लावत तो रंग टिकवला गेला. त्यातून तिरळेपणा आला, इतर व्याधी आल्या. अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सभासदांना हे प्रजनन थांबवायला सांगितलं. आपल्याकडे अजूनही पांढऱ्या वाघासमोरच सगळ्यात मोठी गर्दी असते. जो प्राणी निसर्गाने जवळपास कधीच घडवला नाही आणि माणसाने गर्दीसाठी घडवला, तो दाखवून आपण मुलांना निसर्ग शिकवतो.

पेंग्विनचंही तेच. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून पेंग्विन आले. त्यावरून झालेलं राजकारण महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही पाठ आहे. पण ते पेंग्विन राहणारे कुठले, हे एखाद्याला विचारून बघा. दहातले नऊ जण म्हणतील अंटार्क्टिका. ते आहेत हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फ त्यांच्या नशिबी नसतो. त्यांच्या किनाऱ्याला लागून वाळवंट आहे, समुद्राचा प्रवाह मात्र थंड. ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती डोळे विस्फारून ऐकतील. पण ती सांगायची तर आधी स्वतःला कळायला हवी, आणि कळायची तर काचेपुढच्या पाटीजवळ एक मिनिट थांबायला हवं. त्या मिनिटात आपण सेल्फी काढतो.

वॉर्विक विद्यापीठाच्या एरिक जेन्सन यांनी लंडनच्या प्राणीसंग्रहालयात आलेल्या ७ ते १५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. भेटीच्या आधी आणि नंतर मुलांकडून चित्रं काढून घेतली, प्रश्न विचारले. ज्यांच्याबरोबर शिकवणारं कुणी नव्हतं, त्यांतल्या जेमतेम ३४ टक्के मुलांच्या समजुतीत सुधारणा दिसली. शिकवणारं कुणी बरोबर असलं, तर ४१ टक्के. काही मुलांचं ज्ञान तर भेटीनंतर आधीपेक्षा बिघडलं होतं. आणि ही लंडनची गोष्ट, जिथे पाट्या आहेत, माहिती सांगणारी माणसं आहेत, मुलं वाचता येणारी आहेत. आपण मे महिन्यात भर दुपारी अडीच वर्षांचं मूल कडेवर घेऊन जातो आणि त्याला शैक्षणिक म्हणतो.

मग मूल काहीच शिकत नाही का? शिकतं की. माझ्या भाच्याने काय शिकलं ते मी वर सांगितलंच. तो एका दिवसात पक्का शिकला की झोपलेल्या प्राण्याला उठवायचं असतं. आपण तिकीट काढलंय, तर समोरच्याने हललं पाहिजे. नाही हलला तर ओरडायचं, काच ठोकायची, खडा मारायचा. हे त्याला कुठल्याही पाटीने शिकवलं नाही. आजूबाजूच्या सत्तर मोठ्या माणसांनी शिकवलं, आणि त्यात सगळ्यात जोरात शिकवणारा मी होतो.

वाघ दिवसाचे सोळा-सोळा तास झोपतो किंवा पडून राहतो. आळशी म्हणून नाही. त्याचा कामाचा वेळ पहाटेचा आणि संध्याकाळचा. आपण नेमके बारा ते चारमध्ये जातो. एखादा पाहुणा रात्री दोन वाजता तुमच्या बेडरूमच्या खिडकीवर टकटक करून “जरा डान्स करून दाखवा ना” म्हणाला, तर तुम्ही पोलिसांना फोन कराल. वाघाकडे फोन नाही. पण गंमत म्हणजे त्याच्या बाजूने कायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधलं कलम ३८-जे सांगतं की प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून किंवा इतर कुठल्या प्रकारे त्रास देणं, आणि आवारात कचरा टाकणं, हे सगळं मना आहे. शिक्षेत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणजे मी खांद्यावर भाचा घेऊन, आई-बाबांच्या देखत, केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा ठरवलेली गोष्ट केली आणि टाळ्या घेतल्या. मला हे कलम माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

हायनी हेडिगर नावाचे एक स्विस गृहस्थ होऊन गेले. बर्न, बासेल आणि झुरिकच्या प्राणीसंग्रहालयांचे ते संचालक होते. त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येक प्राण्याचं एक पळण्याचं अंतर असतं. तेवढ्या अंतरापलीकडे कुणी असेल तर तो शांत राहतो, त्याच्या आत आलं की पळतो. पिंजऱ्यात हे अंतर मिळालंच नाही तर? प्राणी पळू शकत नाही आणि शांतही राहू शकत नाही. त्यांनी हे १९४० च्या दशकात लिहिलं. आपण काचेला नाक लावून उभे राहतो, आणि बिबट्या कोपऱ्यात तोंड लपवून बसला की म्हणतो, “पैसे वाया गेले.”

आणि तो लपत नसेल, सारखा इकडून तिकडे फिरत असेल, तर आपण खूश. “हा मस्त ॲक्टिव्ह आहे!” त्या दिवशी आम्हीही एका अस्वलासमोर असेच खूश होतो. सहा पावलं डावीकडे, मान झटकायची, वळायचं, सहा पावलं उजवीकडे. दाजींनी दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला. मी तो नंतर तीन-चार वेळा पाहिला. प्रत्येक फेरी हुबेहूब सारखी, मान झटकण्याची जागासुद्धा तीच. माझ्या कामात कोड असा एकाच जागी फिरत राहिला तर आम्ही त्याला चपळ म्हणत नाही, काहीतरी बिघडलंय म्हणतो. क्लब आणि मेसन या ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की जे मांसाहारी प्राणी जंगलात सगळ्यात लांब लांब भटकतात, तेच बंदिवासात अशा फेऱ्या सगळ्यात जास्त मारतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या जंगलातल्या वावराच्या जवळजवळ दहा लाखांश असते. दाजींच्या व्हिडिओला स्टेटसवर चाळीस लाईक होते.

आता माझ्या ऑफिसातली मंडळी इथे मान डोलवत असतील. त्यांचं म्हणणं सोपं आहे : प्राणीसंग्रहालय म्हणजे तुरुंग, ते बंद करा, आम्ही नाही जात बाबा. मग तुम्ही पोरांना वाघ कुठे दाखवता? “ताडोबा.” एका जिप्सीचे काही हजार रुपये, वर रिसॉर्ट, वर नागपूरपर्यंतचं विमान. माझं यांच्याशी जास्त भांडण आहे.

एक म्हणजे ही बाजू नैतिकतेची नाही, पाकिटाची आहे. राणीच्या बागेत २०१७ पर्यंत मोठ्या माणसाला ५ रुपये तिकीट होतं. मग ते ५० झालं, आई-बाप आणि दोन मुलांच्या कुटुंबाला १००. या शहरात चार माणसांना शंभर रुपयांत अर्धा दिवस झाडाखाली घालवता येईल अशा जागा उरल्यात किती? जो माणूस लोकलच्या दोन गाड्या बदलून पोरांना तिथे आणतो, त्याला “तुरुंग आहे तो, ताडोबाला जा” म्हणणं हा माज आहे.

दुसरं, तिथे तरी तुम्ही काय वेगळं करता? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सीवाल्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवून धरली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या जिप्सींमध्ये प्राणीसंग्रहालयाला तुरुंग म्हणणारं एकही माणूस नसेल, असं मला वाटत नाही. तिथे पिंजरा नव्हता, मग माणसांनी गाड्यांचा पिंजरा केला. आपण जिथे जाऊ तिथे तो घेऊन जातो.

आणि तिसरं, बंद करा म्हणजे नक्की काय करा? जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथले बिबटे कुणी हौसेने पकडून आणलेले नाहीत. उसाच्या फडात जन्मलेले, विहिरीत पडलेले, जखमी झालेले, माणसांशी झटापट झालेले. त्यातल्या अनेकांना परत सोडता येत नाही, कारण सोडायचं तर कुठे? जिकडे बघावं तिकडे ऊस आहे, उसाच्या कडेला वस्ती आहे, आणि त्या वस्तीतही साडेचार वर्षांची पोरं आहेत. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे देशातली गिधाडं जवळपास संपली, तेव्हा काही जोड्या पकडून पिंजऱ्यात ठेवल्या नसत्या तर पुढे सोडायला उरली नसती. अरबस्तानातला ओरिक्स हा हरणासारखा प्राणी १९७२ मध्ये जंगलातून नाहीसा झाला आणि १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडला गेला, तो पिंजऱ्यांत वाचवलेल्या कळपातून. पिंजरा कधीकधी लागतो. मला त्याचं वावडं नाही. मला वावडं आहे ते पिंजऱ्यासमोर उभं राहून पिंजरा कशासाठी आहे हे न विचारण्याचं.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. ती पोळ्या लाटत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला मुलं झाली की बोलू.”

मला हे वाक्य आवडत नाही, पण त्यापुढे ती जे बोलली ते खोडून काढता आलेलं नाही. ती सहा दिवस एका सीएच्या ऑफिसात असते. सोसायटीत खेळायला जागा म्हणजे पार्किंग. रविवारी सकाळी सातला मोठा उठून छातीवर बसतो. मॉलमध्ये नेलं तर आत शिरतानाच पाचशे जातात आणि तासाभरात पोरं चिडचिडी होतात. “मला वाघ नाही बघायचा,” ताई म्हणाली, “मला अशी जागा पाहिजे जिथे गाडी अंगावर येणार नाही, झाडं असतील, आणि पोरं पळाली तर मला लगेच मागे धावावं लागणार नाही. तू सांग दुसरी कुठली आहे ते. मी तिथे जाते.”

मी सांगू शकलो नाही. आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की भांडण इथे आहे. आपल्या शहरांनी लहान मुलांना सावलीची जागाच ठेवली नाही, आणि जी थोडी ठेवली तिच्या मध्यभागी वाघ कोंडून ठेवला, म्हणजे लोक येतील. राणीची बाग १८६२ मध्ये उघडली तेव्हा ती वनस्पती उद्यान होती. प्राणी मागाहून आले. तिथली जुनी झाडं ही मुंबईतली खरी दौलत, आणि नूतनीकरणाच्या नावाखाली ती जाऊ नयेत म्हणून काही बायकांनी वर्षानुवर्षं महापालिकेशी झगडा केला. पण बोर्डावर फोटो झाडाचा नसतो. कुणी पोराला म्हणत नाही, चल, तुला गोरखचिंच दाखवतो. खरं तर भल्याथोरल्या खोडाची ती गोरखचिंच, जिच्याभोवती पोरांनी हात धरून फेर धरावा, ती वाघापेक्षा जास्त हाताशी आहे, झोपलेली असली तरी कळत नाही, आणि शिट्टी मारली तर तिला त्रास होत नाही.

नगरसेवक मतं मागायला येतात तेव्हा आपण त्यांच्याकडे रस्ता मागतो, पाणी मागतो. चालत जाता येईल अशी, झोपाळे आणि माती असलेली बाग आमच्या सोसायटीने आजवर कधी मागितली नाही. मी मीटिंगला विषय काढला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, “म्हणजे जॉगिंग ट्रॅक का?” नाही काका. माती.

तोवर काय? तोवर ताई जाणारच, आणि तिने जावं. पण मग काही गोष्टींवर मी अडून बसणार आहे. धाकटी तीन-चार वर्षांची होईपर्यंत तिच्या नावाने “तिला प्राणी दाखवायचेत” म्हणायचं नाही, झाडाखाली चादर टाकून बसायचं, ती खारी बघेल. मोठ्याला नेलं तर एका दिवसात सगळं संपवायचं नाही. नकाशावरचे चाळीस प्राणी म्हणजे काही सोसायटीच्या वर्गणीची यादी नाही की प्रत्येक दारात जाऊन बेल वाजवायची. दोन प्राणी बघा, पण त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं बसा. प्राणी झोपलेला असेल तर झोप बघा. पोट वरखाली होतं, पायाचा पंजा स्वप्नात हलतो, हे मुलांना दिसतं, आपल्याला दिसत नाही. आणि तो इथे का आहे हे मुलाला खरं सांगा. “बिबट्याला इथे आवडतं, त्याला रोज खायला मिळतं” असलं काही सांगू नका. साडेचार वर्षांच्या मुलाला घर हरवणं म्हणजे काय ते नीट समजतं, बाजारात दोन मिनिटं आई दिसली नाही तर तो काय करतो ते बघा.

व्यवस्थापनाकडूनही एक मागणी आहे. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांनुसार आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना आपल्यापासून सुट्टी मिळते, ती चांगली गोष्ट. उरलेल्या सहा दिवसांत प्रत्येक मोठ्या पिंजऱ्यासमोर एक शिट्टीवाला सुरक्षारक्षक असतो आणि तो माणसांना गप्प करायला स्वतःच शिट्टी वाजवतो. त्याच्या जागी दोन वाक्यं बोलू शकणारं माणूस उभं करा. प्राणिशास्त्राचे किती पदवीधर घरी बसलेत.

पावसाळा सुरू झाल्यावर मी भाच्याला परत घेऊन गेलो. आम्ही दोघंच, मंगळवार, मी रजा टाकली होती. साडेनऊला गेट उघडल्या उघडल्या आत. बिबट्यासमोरच्या कठड्यावर बसलो. बिबट्या फळीवर झोपला होता, एक पाय खाली लोंबत. पहिली पाच मिनिटं भाचा कंटाळला. मग त्याने विचारलं, “याची शेपटी पण झोपलीय का?” मग, “याची आई कुठाय?” मी उसाचं सांगितलं, जमेल तसं. तो म्हणाला, “मग आपण साखर नाही खायची का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही थोडा वेळ दोघंही गप्प बसलो.

तेवढ्यात मागून एक कुटुंब आलं. माझ्याच वयाचा बाप, कडेवर मुलगी. त्याने टाळ्या वाजवल्या, मग जोरात शिट्टी मारली. शिट्टी माझ्यापेक्षा चांगली होती. मी वळून म्हणालो, “दादा, झोपू द्या ना त्याला.” तो म्हणाला, “का? तुमचा आहे का बिबट्या?” त्याची बायको हसली. मी कलम ३८-जे मनात घोळवलं, पण तोंडातून काहीच निघेना. सकाळी दहाला, मुलांसमोर, अनोळखी माणसाला कायदा सांगणारा माणूस किती हास्यास्पद दिसतो ते मला दिसत होतं.

भाचा माझ्याकडे बघत होता. मग त्या माणसाकडे वळून म्हणाला, “माझा मामा पण अशीच मारतो.”

तो माणूस माझ्याकडे बघून हसला, पण परत शिट्टी मारली नाही. थोडा वेळ थांबून ते लोक पुढे गेले. बिबट्या उठला नाही. साडेदहाला भाच्याला भूक लागली, मग आम्ही बाहेर पडलो आणि इडली खाल्ली.